कोकरा नेमका कोणता?

योहानाच्या शुभवर्तमानात यार्देन नदीकाठी बाप्तिस्मा करणारा योहान येशूकडे बोट दाखवतो आणि जगाचे पाप दूर करणारा देवाचा कोकरा अशी त्याची ओळख करून देतो. उपासनेत हे शब्द इतक्या वेळा कानांवरून जातात की त्यांतली अडचण कुणाला जाणवत नाही. इस्राएलच्या यज्ञविधींत लोकांचे पाप वाहून नेणारे कोकरू कुठेच नाही. वल्हांडणाचे कोकरू पापासाठी मारले जात नव्हते. मिसरातल्या घरांच्या चौकटींना त्याचे रक्त लावले ते मृत्यूने ती घरे ओलांडून जावे म्हणून, आणि मांस घरच्यांनी त्याच रात्री भाजून खाल्ले. पुढे मंदिरात रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक कोकरू जळे, तो नित्याचा होमबली. पापबलीसाठी बहुधा गोऱ्हा किंवा बकरा लागे. सामान्य माणसाने कोकरू आणलेच तर ते मादी असावे लागे. पापे डोक्यावर घेऊन खरोखर दूर जाणारा प्राणी एकच, प्रायश्चित्ताच्या दिवशीचा बकरा, आणि त्याला तर रानात जिवंत सोडून देत. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला सेवक कोकरासारखा मुकाट्याने वधाकडे नेला जातो खरा, पण तिथे कोकरू उपमेपुरते आहे. मग योहानाचा कोकरा कोणता?

नव्या कराराच्या लेखकांनी हे सगळे प्राणी एकाच माणसात आणून बसवले, हे त्याचे उत्तर. ती सरमिसळ नजरचुकीने झालेली नाही. त्यांची वाट उलट्या दिशेची होती. आधी क्रुसावरचा मृत्यू आणि तिसऱ्या दिवशीचा अनुभव, आणि मग त्याचा अर्थ शोधत जुन्या पोथ्यांकडे. लेवीय वाचून कुणी क्रुसाची वाट पाहिली नव्हती. क्रूस पाहिलेल्यांनी लेवीय पुन्हा वाचले. इस्राएलच्या अर्पणांत मसीहाची पूर्वछाया पाहण्याची जवळजवळ दोन हजार वर्षांची परंपरा आहे, आणि तिच्यातले बरेवाईट बहुतांशी एकाच गोष्टीवर ठरत आले आहे: हे वाचन मागे वळून केलेले आहे याचे भान वाचणाऱ्याला किती राहिले.

आधी अर्पणे काय होती ते पाहू. लेवीयच्या पहिल्या सात अध्यायांत पाच प्रकार येतात. होमबलीत जनावर संपूर्ण जळते, फक्त कातडे याजकाला मिळते. अन्नबली म्हणजे सपीठ, तेल आणि लोबान. त्यात खमीर आणि मध चालत नाही, मीठ मात्र हवेच. शांत्यर्पणात चरबी वेदीवर जाते, ऊर आणि उजवी मांडी याजकाला, उरलेले मांस अर्पण करणाऱ्याच्या पंगतीला. नवसाच्या बोकडाचे जेवण ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही. पापबली नकळत घडलेल्या चुकांसाठी, आणि तोही माणूस पाहून: प्रमुख याजकाला गोऱ्हा, अधिपतीला बकरा, सामान्याला बकरी किंवा कोकरी. दोषबलीत मेंढा तर द्यायचाच, शिवाय ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई आणि वर पाचवा हिस्सा. समजून उमजून, बेगुमानपणे केलेल्या पापासाठी गणनाचे पुस्तक कोणतेच अर्पण सांगत नाही.

ज्याला कोकरी परवडत नाही त्याने दोन होले किंवा पारव्याची दोन पिले आणावीत. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा हिस्सा सपीठ, तेल आणि लोबानाशिवाय. तेवढ्यावर याजक त्याच्यासाठी प्रायश्चित्त करतो आणि त्याला क्षमा होते. रक्ताचा थेंबही नाही. रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही हे इब्री लोकांस पत्रातले विधान व्यासपीठावरून नेहमी ऐकू येते. पत्रकर्ता मात्र त्याच वाक्याच्या सुरुवातीला ‘बहुतेक’ म्हणून थोडी जागा राखून ठेवतो. गरिबाचे हे पीठ त्याला ठाऊक असावे. लूकच्या शुभवर्तमानात मरीया शुद्धीकरणाला जाते तेव्हा तिच्यासाठी पक्ष्यांच्या जोडीचा उल्लेख येतो. ज्या मुलात पुढे सगळी अर्पणे पाहिली गेली, त्याच्या घराला कोकरू परवडले नव्हते.

या विधींचा अर्थ लावणाऱ्या आधुनिक अभ्यासकांत रब्बी जेकब मिलग्रोम यांचे नाव टाळता येत नाही. लेवीयवरचे त्यांचे तीन खंडांचे भाष्य १९९१ ते २००१ या काळात प्रसिद्ध झाले. त्यांचा प्रश्न साधा होता. बाळंतिणीला पापबली आणावा लागतो. तिने कोणते पाप केले? नव्या वेदीसाठी पापबली होतो. वेदीने काय केले? मिलग्रोम म्हणतात, हा शुद्धीचा बली आहे. त्याचे रक्त आणणाऱ्या माणसाला लावत नाहीत. ते वेदीच्या शिंगांना लागते, पडद्यासमोर शिंपडले जाते आणि वर्षातून एकदा परमपवित्रस्थानात दयासनापुढे जाते. लोकांची अशुद्धी पवित्रस्थानाला जाऊन चिकटते आणि रक्त ती धुऊन काढते, म्हणजे देवाला त्यांच्यामध्ये राहता येते. यावर वाद आहेत. रॉय गेन यांनी २००५ मध्ये असे मांडले की वर्षभरातले पापबली माणसाला शुद्ध करतात आणि पवित्रस्थानाची शुद्धी प्रायश्चित्ताच्या दिवशी होते. पण एक गोष्ट दोघांच्याही वाचनात टिकते. जनावराचा वध हा विधीचा कळस नाही. सुरी बहुधा अर्पण आणणाराच चालवतो. याजकाचे खरे काम रक्त हाती आल्यावर सुरू होते. प्राण्याला माझ्या वाट्याची शिक्षा मिळाली असे या अध्यायांत कुठे लिहिलेले नाही. दोन्ही हात ठेवून पापे उच्चारली जातात ती फक्त प्रायश्चित्ताच्या दिवशी रानात, अजाजेलकडे, सोडल्या जाणाऱ्या बकऱ्यावर, आणि त्याचे रक्त वेदीला लागत नाही.

अर्पणांकडे पाहून पुढच्या किंवा मागच्या घटनांचे बिंब शोधणे ही कला ख्रिस्ती लोकांनी शोधलेली नव्हे. ती त्यांना यहुदी घरातूनच मिळाली. योबेलांच्या पुस्तकाने इसहाकाला वेदीवर बांधण्याची घटना वल्हांडणाच्या सुमाराला नेऊन ठेवली होती. मेखिल्ता हे निर्गमवरचे प्राचीन रब्बीनी भाष्य असे सांगते की, मिसरातल्या दारांवरचे रक्त पाहताना देवाला इसहाकाच्या बंधनाचे रक्त दिसले. उत्पत्तीवरच्या मिद्राशात लाकडे खांद्यावर घेऊन चाललेला इसहाक स्वतःचा वधस्तंभ वाहणाऱ्या माणसासारखा आहे. मृत समुद्राकाठी १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांतली एक मंडळी प्रार्थना आणि निर्दोष वागणूक यांनाच अर्पण मानत होती. मक्काबींच्या चौथ्या पुस्तकात छळ सोसून मेलेल्या धर्मवीरांचे मरण राष्ट्रासाठी प्रायश्चित्त ठरते. माणसाच्या मृत्यूबद्दल यज्ञाच्या भाषेत बोलणे, ही वाट पौलाच्या काळात मळलेली होती.

पौल त्या वाटेने सहज चालतो, आणि फार काटेकोरही राहत नाही. करिंथकरांना लिहिताना ख्रिस्त एकदा वल्हांडणाचा यज्ञ आहे, पुढे पुनरुत्थानाच्या अध्यायात तो कापणीचे प्रथमफळ आहे. रोमकरांना लिहिताना तो दयासनाजवळ जातो. योहान काळ हलवतो. मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे जेवण आहे. योहानात ते जेवण अजून व्हायचे आहे, आणि मंदिरात कोकरे कापली जातात त्या दिवशी येशू क्रुसावर जातो. त्याचे पाय मोडले जात नाहीत, कारण वल्हांडणाच्या कोकराचे हाड मोडायचे नसते. दोन्ही कालगणना एकत्र बसवण्यासाठी ग्रंथांच्या राशी लिहिल्या गेल्या. माझ्या मते योहानाला तारीख सांगायची नव्हती, कोकरू दाखवायचे होते.

सगळ्यात विचारपूर्वक बांधलेली मांडणी इब्री लोकांस पत्रात आहे. त्याचा लेखक कोण हे तिसऱ्या शतकात ऑरिजेनलाही ठरवता आले नव्हते. पत्राचा कणा प्रायश्चित्ताचा दिवस. प्रमुख याजक वर्षातून एकदा पडद्याआड जातो, गोऱ्ह्याचे आणि बकऱ्याचे रक्त नेतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा जातो. पुन्हा जावे लागते यातच त्या विधीची मर्यादा कबूल केलेली आहे, असा त्याचा युक्तिवाद. येशू यहुदाच्या वंशातला, म्हणून त्याला लेव्याचे याजकपद मिळू शकत नाही. त्यासाठी लेखक अब्राहामाला आशीर्वाद देणारा मलकीसदेक शोधून काढतो. पापबलीची शरीरे छावणीबाहेर जाळत, म्हणून येशू वेशीबाहेर मेला. तांबड्या कालवडीची राखही त्याच ओघात येते. इतके सगळे जुळवूनही लेखक नेमक्या एका जागी हात आखडता घेतो. कराराचा कोश, करूबीम, दयासन यांची नावे घेऊन तो म्हणतो की यांविषयी आता एकेक करून सांगता येत नाही. पुढच्या अठराशे वर्षांत त्याने सोडलेली जागा भरायला निघालेल्यांची रांग लागली.

अलीकडे याच पत्रावर एक ताजा वाद उभा आहे. डेव्हिड मॉफिट यांनी २०११ मध्ये म्हटले की, लेवीयमध्ये वध आणि अर्पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे या लेखकाला ठाऊक होते. म्हणून त्याच्या मते येशूचे अर्पण क्रुसावर पूर्ण होत नाही. पुन्हा उठलेला येशू स्वर्गीय पवित्रस्थानात प्रवेश करतो तेव्हा ते होते. हे मान्य केले तर पाश्चात्त्य चर्चने शतकानुशतके क्रुसावर ठेवलेला सगळा भार थोडा पुढे, पुनरुत्थानाकडे आणि स्वर्गारोहणाकडे सरकतो. सगळ्यांना ते पटलेले नाही. मला मात्र या वादात एक गोष्ट उघड दिसते: मिलग्रोम यांच्यासारख्या यहुदी विद्वानाने विधी बारकाईने वाचल्यामुळे ख्रिस्ती पत्र अधिक नीट वाचता येऊ लागले.

अजाजेलचा बकरा मात्र नव्या करारात नावानिशी कुठेच येत नाही. आज सर्वांत प्रसिद्ध असलेली ही पूर्वछाया दुसऱ्या शतकाच्या आसपासच्या बर्नबाच्या पत्रात ठळक होते. त्यात बकऱ्याच्या डोक्यावर लाल लोकर बांधली जाते, लोक त्याच्यावर थुंकतात, त्याला टोचतात, आणि ती लोकर काटेरी झुडपावर ठेवतात. काट्यांचा मुकुट आणि किरमिजी झगा समोर उभा राहतो. लेवीयमध्ये यातले काही नाही, पण लाल धाग्याचा उल्लेख मिश्नातही आहे; म्हणजे पत्राचा लेखक अगदी हवेत बोलत नव्हता, मंदिरातल्या चालीरीतींचे काहीतरी त्याच्या कानांवर आले होते. त्याचा निष्कर्ष मात्र कठोर आहे: करार यहुद्यांचा नव्हेच, तो आपला.

हुतात्मा जस्टिनने दुसऱ्या शतकाच्या मध्यावर त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेला संवाद लिहिला. त्यात वल्हांडणाचे कोकरू दोन सळ्यांवर भाजतात, एक खालून डोक्यापर्यंत, दुसरी पाठीवरून आडवी, म्हणजे क्रूसच. मिश्नात डाळिंबाच्या लाकडाची एक काठी सांगितली आहे. आडवीचा उल्लेख नाही. तरीही जस्टिन शोमरोनजवळच्या नेआपोलिसचा होता, आणि तिथल्या गरिज्जीम डोंगरावर शोमरोनी लोक आजही दरवर्षी कोकरे कापून खड्ड्यांत उभ्या काठ्यांवर भाजतात, तेव्हा त्याने काही डोळ्यांनी पाहिले असेल. पुढे मात्र तोल जातो. प्रमुख याजकाच्या झग्याला बारा घंटा होत्या, त्या म्हणजे बारा प्रेषित, असे तो सांगतो. निर्गममध्ये घंटांचा आकडाच दिलेला नाही. जुळवायची गोष्ट आधी ठरली की आकडाही मग जुळवून घेतला जातो.

सार्दीसचा मेलितो याच काळातला. त्याचे वल्हांडणावरचे प्रवचन अनेक शतके हरवलेले होते. पपायरसावरून कॅम्बेल बॉनर यांनी ते १९४० मध्ये प्रसिद्ध केले. मेलितो म्हणतो, शिल्पकार आधी मेणाचा किंवा मातीचा नमुना करतो. मूर्ती उभी राहिली की नमुन्याची किंमत संपते. कोकरू मौल्यवान होते, आता नाही. मंदिर मौल्यवान होते, आता नाही. भाषा लयबद्ध आणि ताकदवान आहे, आणि तीच पुढे इस्राएलने देवाला मारले या आरोपापर्यंत जाते. नमुना मोडीत काढता येतो हे एकदा मान्य केले की नमुना जपणाऱ्या माणसांचे काय करायचे हा प्रश्न उरतो. युरोपच्या इतिहासाने त्याची जी उत्तरे दिली ती आपल्याला ठाऊक आहेत.

मेलितोसमोर दुसरा धोकाही होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. मार्कियनने इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीपासून फारकत घेतली आणि जुना करारच नाकारला. त्यातला देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, असे त्याचे म्हणणे. पूर्वछायेच्या वाचनाने लेवीय, गणना आणि बाकीची पुस्तके ख्रिस्ती पोथीत राखली. ती पुस्तके टाकून दिली असती तर यहुद्यांशी असलेला नात्याचा धागाही तुटला असता. एकाच पद्धतीने पुस्तके वाचवली आणि त्यांचे मालक मात्र बेदखल केले.

ऑरिजेन कैसरियात राहत होता, आणि तिथे रब्बी शेजारी होते. लेवीयवरची त्याची सोळा प्रवचने रुफिनसच्या लॅटिन भाषांतरात टिकली आहेत. होमबलीचे कातडे सोलणारा याजक म्हणजे अक्षरार्थाचा पडदा दूर करणारा वाचक, असे तो म्हणतो. इथे अर्पण फक्त ख्रिस्ताकडे बोट दाखवत नाही, वाचणाऱ्याच्या मनातही घडते. मला ऑरिजेन त्याच्या अतिरेकासह आवडतो, कारण आपण अर्थ लावतो आहोत हे तो लपवत नाही. अंत्युखियाच्या शाळेतल्या थिओडोरसारख्यांना हे मोकाट वाटे. घटना आधी घटना म्हणून उभी राहिली पाहिजे, मग छाया, हा त्यांचा आग्रह. त्याच अंत्युखियात ३८६-८७ मध्ये योहान ख्रिसोस्तोमने यहुद्यांविरुद्ध जहाल प्रवचने केली. देवाने यज्ञ फक्त लोकांच्या दुबळेपणासाठी सोसले, मग ते यरुशलेमपुरते बांधले आणि ते शहरच पाडले, असे त्याचे म्हणणे. सम्राट जुलियनने ३६३ मध्ये मंदिर पुन्हा बांधण्याचा घाट घातला आणि तो फसला, ही आठवण तेव्हा ताजी होती.

गंमत अशी की, सवलतीचा हाच विचार बाराव्या शतकात मायमोनिदीस या यहुदी तत्त्ववेत्त्याने मांडला. लोकांना एका दिवसात मूर्तिपूजेच्या सवयींतून बाहेर काढता येणार नाही, म्हणून देवाने यज्ञ ठेवले पण त्यांचे तोंड आपल्याकडे वळवले. नहमानिदीस यावर संतापला: हाबेलाने आणि नोहाने अर्पण केले तेव्हा जगात मूर्तिपूजक होते कुठे? मायमोनिदीसनेच आपल्या विधिसंहितेत यज्ञांचे नियम बारीकसारीक तपशिलांसह लिहून ठेवले हेही विसरू नये. थॉमस अक्वायनसने त्याचा मूर्तिपूजेचा मुद्दा उचलला आणि वर ख्रिस्ती अर्थ चढवला. गोऱ्ह्यात क्रुसाचे सामर्थ्य, कोकरात निरागसता, मेंढ्यात नेतृत्व, बकऱ्यात पापी देहाचे साम्य. पण अर्पणांना त्यांच्या काळात स्वतःचे एक कारण होते, हे तो आधी मान्य करतो.

ग्रंथांपेक्षा सामान्य माणसाच्या मनात ही छाया भिंतींनी आणि मिस्साने रुजवली. रोमन मिस्साच्या जुन्या मुख्य प्रार्थनेत हाबेल, अब्राहाम आणि मलकीसदेक यांच्या अर्पणांची आठवण येते, आणि इटलीतल्या राव्हेन्ना शहरात सान व्हिताले चर्चच्या वेदीजवळच्या सहाव्या शतकातल्या मोझेकांत तेच तिघे दिसतात.

धर्मसुधारणेच्या काळात कॅल्विनने विधींना छाया म्हटले, पण उपमांच्या आतषबाजीला आवर घातला. त्याच्या वारसांना तो जमला नाही. सतराव्या शतकात निवासमंडपाची प्रत्येक खुंटी आणि कडी ख्रिस्ताबद्दल बोलू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंब्रिजच्या हर्बर्ट मार्शने कडक नियम घातला: नव्या कराराने ज्याला प्रतिरूप, म्हणजे पूर्वछाया, म्हटले तेवढेच प्रतिरूप. स्कॉटलंडच्या पॅट्रिक फेअरबर्नला हे फार कोते वाटले. प्रतिरूपांवरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथात त्याने दोन्ही टोकांची झाडाझडती घेतली. इब्री पत्राचा लेखकच एकेक करून सांगत नाही म्हणतो, म्हणजे सांगण्यासारखे आणखी आहे, हा मार्शच्या विरोधकांचा बिनतोड वाटणारा मुद्दा. १८४७ मध्ये अँड्र्यू ज्यूक्सचे अर्पणांवरचे पुस्तक आले: पाच अर्पणे म्हणजे ख्रिस्ताच्या एकाच अर्पणाचे पाच पैलू. पुढे प्लिमथ ब्रदरनच्या लेखकांनी आणि १९०९ च्या स्कोफिल्डच्या टीपांच्या बायबलने हे घरोघरी नेले. बायबल वर्गांत फळ्यावर काढले जाणारे पाच अर्पणांचे तक्ते याच घराण्यातले. भक्तीसाठी ते उपयोगी आहेत, नाही म्हणत नाही. पण पाचही रकान्यांत एकच नाव लिहायचे ठरले की शांत्यर्पणाची पंगत, दोषबलीतली भरपाई आणि गरिबाचे पीठ या रकान्यात न मावणाऱ्या गोष्टी हळूच पुसल्या जातात.

भारतात हा विषय वेगळ्या रस्त्याने आला. फादर थॉमस स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. त्याचे पहिले पुराण जुन्या कराराची कथा सांगते आणि दुसरे ख्रिस्ताची; मराठी ओवीत पहिल्यांदा जुना करार आला तोच येणाऱ्या तारकाची प्रस्तावना होऊन. बंगालमध्ये रेव्हरंड कृष्णमोहन बॅनर्जी यांनी १८७५ च्या ‘द आर्यन विटनेस’ या पुस्तकात एक पाऊल पुढे टाकले: पूर्वछाया फक्त लेवीयात नाही, वेदांतल्या प्रजापतीच्या आत्मयज्ञातही आहे. विद्वत्तेच्या कसोटीवर हा दावा टिकत नाही, पण बॅनर्जी एक प्रश्न टोकदार करून गेले. मागे वळून वाचायचेच आहे, तर हद्द सिनायपाशीच का आखायची?

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचे उदाहरण ख्रिस्ती वाचकांनी समोर ठेवावे असे आहे. मराठी बोलणाऱ्या या यहुद्यांना १८३० च्या दशकात जॉन विल्सन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी हिब्रू शिकवले, शाळा दिल्या, मराठी बायबल दिले. येशूकडे बोट दाखवणारी अर्पणे त्यांच्यासमोर नक्कीच आली असतील. त्यांनी शिक्षण घेतले. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात मराठीसह हगादा छापला गेला, आणि वल्हांडणाचे कोकरू मराठीत यहुदी अर्थानेच बोलत राहिले. त्यांचा मलिदा, म्हणजे गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचे आभारअर्पण, त्याचा संबंध मंदिरातल्या अन्नबलीशी लावला जातो. मंदिर इ.स. ७० मध्ये पडले तेव्हा रब्बी योहानान बेन झक्काई यांनी दयेची कृत्ये हे आता आपले प्रायश्चित्त आहे असे शिकवल्याची परंपरा आहे. यज्ञ संपले याचा ख्रिस्ती अर्थ हा एकमेव अर्थ कधीच नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यापीठांनी छायेचा प्रश्नच बाजूला ठेवला. जर्मन अभ्यासक वेलहाउझेनच्या मते जुने यज्ञ सुगीच्या आनंदाचे होते, पापाची छाया बंदिवासानंतर पडली. रॉबर्टसन स्मिथने १८८९ मध्ये यज्ञाचे मूळ देवासह घेतलेल्या भोजनात शोधले. यूबेर आणि मॉस या फ्रेंच अभ्यासकांनी १८९९ मध्ये वैदिक आणि हिब्रू यज्ञ शेजारी ठेवून सिद्धांत मांडला. जोनाथन क्लावान्स यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, तटस्थ म्हणवणाऱ्या अशा बऱ्याच अभ्यासात यज्ञ ही माणसाने मागे टाकायची पायरी आहे हे जुने ख्रिस्ती गृहीतक शास्त्रीय कपडे घालून बसलेले असते.

एरिख आउअरबाख हा यहुदी भाषाशास्त्रज्ञ. नाझींनी मारबुर्गमधून काढल्यावर त्याने इस्तंबूलच्या आश्रयात १९३८ मध्ये पूर्वछायेच्या या वाचनपद्धतीवर निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की रूपकात पहिली गोष्ट नुसती खूण असते, प्रतिरूपात मात्र दोन्ही घटना खऱ्या राहतात. जर्मनीत जुना करार बायबलमधून हाकलण्याच्या गोष्टी चालल्या असताना एका यहुद्याने ख्रिस्ती वाचनपद्धतीचा हा पैलू उचलून धरला, याला निबंधाबाहेरचाही अर्थ होता. महायुद्धानंतर चर्चची भाषा बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्याने येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुद्यांवर टाकणे थांबवले. पोपच्या बायबल आयोगाने २००१ मध्ये आणखी स्पष्ट सांगितले: ख्रिस्ती वाचन हे मागे वळून केलेले वाचन आहे आणि यहुदी वाचनही शक्य व रास्त आहे. दुसऱ्या शतकात कुणी हे म्हटले असते तर बर्नबाचे पत्र लिहिलेच गेले नसते.

एक जागा मात्र कुणालाच सुखाने बसू देत नाही. यहेज्केलच्या शेवटच्या अध्यायांत भविष्यातले मंदिर आहे, आणि त्यात पापबलीसकट सगळी अर्पणे पुन्हा सुरू आहेत, तीही स्पष्टपणे प्रायश्चित्तासाठी. शिवाय नियम मोशेच्या नियमांशी जुळत नाहीत. तालमुद सांगतो की यामुळे हे पुस्तकच बाजूला ठेवण्याची वेळ आली होती. हनन्या बेन हिज्कियाने तीनशे रांजण तेल जाळून माडीवर बसून सगळी विसंगती मिटवली. स्कोफिल्डसमोर पेच निराळा होता. छाया संपली, मग तीच अर्पणे येणाऱ्या राज्यात परत कशी? त्याच्या टीपेत उत्तर आहे की जुनी अर्पणे क्रुसाकडे पुढे पाहत होती, ही मागे पाहतील, आठवण म्हणून. यहेज्केलच्या वचनात आठवणीचा उल्लेख नाही. १९६७ च्या सुधारित आवृत्तीत संपादकांना पर्यायी अर्थ द्यावे लागले.

हा वाद पुस्तकापुरता राहिलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये टेक्सासहून पाच तांबड्या कालवडी विमानाने इस्राएलला गेल्या, यरुशलेममध्ये तिसऱ्या मंदिराची तयारी करणाऱ्या संस्थेसाठी. त्यांच्या राखेशिवाय गणनाच्या एकोणिसाव्या अध्यायाप्रमाणे शुद्धी होत नाही. त्या शोधण्यात आणि पाठवण्यात पुढाकार अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांचा होता. त्यांच्याही बायबलात इब्री लोकांस पत्र आहे, आणि त्याच्या नवव्या अध्यायात कालवडीची राख ख्रिस्ताच्या रक्तापुढे कमी पडते.